मुलग्यांच्या स्काऊट ट्रूपमध्ये आईने लीडर व्हावं का?

प्रश्न: माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. आम्ही न्यू जर्सीत राहतो. यंदा तो कब स्काऊट पॅकमधून, म्हणजे लहान मुलांच्या गटातून, मोठ्या मुलग्यांच्या ट्रूपमध्ये गेला. तिथले सगळे लीडर पुरुष आहेत. माणसं कमी पडतात म्हणून ते पालकांच्या मागे लागलेत. नवऱ्याची फिरतीची नोकरी, त्याला जमणार नाही. मला आवड आहे, कॉलेजात असताना सह्याद्रीत ट्रेकही केलेत. पण बाई म्हणून मी तिथे चालेन का? तेरा-चौदा वर्षांचे मुलगे माझं ऐकतील का? कॅम्पवर झोपायचं, बाथरूमचं काय? आणि मुलाला माझी लाज वाटली तर?

उत्तर:

चालेल. नियमात बसतं आणि प्रत्यक्षातही जमतं. मी बरीच वर्षं मुलग्यांच्या ट्रूपमध्ये आहे, आधी असिस्टंट स्काऊटमास्टर होते, आता स्काऊटमास्टर, म्हणजे ट्रूपची मुख्य लीडर, आहे. माझे मुलगे केव्हाच मोठे होऊन बाहेर पडले, मी मात्र तिथेच राहिले. तुमचे बहुतेक प्रश्न बाई असण्याबद्दलचे आहेत आणि त्यांची उत्तरं छापील नियमांत सापडतात. खरा अवघड प्रश्न शेवटचा आहे, जो तुम्ही जाता जाता विचारलाय. ट्रूपमध्ये बाई म्हणून मला क्वचित कोणी अडवलं असेल. आई म्हणून मात्र मी स्वतःला सारखी अडवत असते, आजही.

पण आधी नियम. ‘बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९१० सालची. फेब्रुवारी २०२५ पासून तिचं नाव ‘स्काऊटिंग अमेरिका’ झालंय. लहान कब मुलांसाठी ‘डेन मदर’ म्हणून बायका तिथे फार पूर्वीपासून होत्या, पण मोठ्या मुलग्यांच्या ट्रूपचं स्काऊटमास्टरपद १९८८ पर्यंत फक्त पुरुषांना मिळायचं. कनेटिकटमधल्या मिलफर्ड गावात कॅथरीन पोलार्ड नावाच्या बाई सत्तरच्या दशकात ट्रूप १३ चालवत होत्या, कारण ते काम करायला एकही पुरुष पुढे येत नव्हता. काम त्यांनी केलेलं चालत होतं, पण स्काऊटमास्टर म्हणून अर्ज केला की तो नामंजूर. संघटनेचं म्हणणं, या वयाच्या मुलग्यांपुढे पुरुषाचाच आदर्श हवा. बाई भांडत राहिल्या आणि १९८७ मध्ये कनेटिकटच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या. गंमत म्हणजे खटला जिंकलेल्या संघटनेनेच पुढच्या फेब्रुवारीत ती अट स्वतःहून काढून टाकली. पोलार्डबाई ६९व्या वर्षी पहिल्या अधिकृत स्त्री स्काऊटमास्टर झाल्या. तेव्हा तुमच्या ट्रूपमधले एखादे आजोबा ‘आमच्याकडे पहिल्यापासून पुरुषच असतात’ म्हणाले तर हसून ऐकून घ्या, त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

एक मेख मात्र आहे. प्रत्येक ट्रूप कुठल्या तरी संस्थेच्या छत्राखाली चालतो. कुठे चर्च, कुठे लायन्स किंवा रोटरी क्लब, कुठे माजी सैनिकांची संघटना. लीडर कोणाला करायचं यावर शेवटची सही त्या संस्थेची. मॉर्मन चर्च आपल्या ट्रूपवर पुरुषच नेमायचं, पण २०१९ अखेर ते संघटनेतूनच बाहेर पडलं. तुमच्या ट्रूपची चार्टर्ड संस्था कोणती ते एकदा विचारून ठेवा.

आता कॅम्पवरचं राहणं. इथले नियम कडक आहेत आणि त्याला कारण आहे. मुलांच्या लैंगिक शोषणाच्या जुन्या प्रकरणांमुळे ही संघटना फेब्रुवारी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. ८२ हजारांहून जास्त दावे दाखल झाले आणि तडजोड २.४६ अब्ज डॉलरची ठरली. त्यामुळे मुलांच्या सुरक्षिततेचं प्रशिक्षण ‘ऑनलाइन आहे, क्लिक करत पुढे जाऊ’ असं उरकायचं नाही. अर्जासोबत पोलीस रेकॉर्डची तपासणी होते, ती सगळ्यांचीच होते, त्यात अपमान मानू नका.

मुख्य गोष्ट अशी की कुठल्याही कार्यक्रमाला एकवीस वर्षांवरचे किमान दोन नोंदणीकृत लीडर हजर हवेत. मुलींच्या ट्रूपला त्यातली एक बाई असावीच लागते. मुलग्यांच्या ट्रूपला एक पुरुष हवाच असा उलटा नियम नाही, त्यामुळे दोघी बायकांनी मुलग्यांना घेऊन जायला कागदोपत्री हरकत नाही. मी तरी एक बाबा सोबत घेतेच. का, ते पुढे गोचीडांचा विषय आला की कळेल. कुठल्याही मुलाशी एकट्याने, बंद जागेत बोलायचं नाही. हा नियम फोनवरच्या मेसेजलाही लागू आहे. मुलाला काही लिहायचं तर दुसरा लीडर त्या मेसेजमध्ये असलाच पाहिजे. गाडीतून सोडायचं असेल तर एकटं दुसऱ्याचं मूल घेऊन निघायचं नाही. ‘घरी जाताना सोडून येते गं त्याला’ ही आपली सवय इथे मोडावी लागते.

झोपण्याचं म्हणाल, तर मोठ्यांचे तंबू वेगळे आणि मुलांचे वेगळे. बाई आणि पुरुष नवरा-बायको असल्याशिवाय एका तंबूत नाहीत. मुलांमध्येही एका तंबूतल्या दोघांच्या वयात दोन वर्षांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. आणि हे नीट वाचा: तुम्ही तुमच्या स्वतःच्या मुलासोबतही एका तंबूत झोपू शकत नाही. कबमध्ये ते चालत होतं, ट्रूपमध्ये नाही. पहिल्या कॅम्पला पोरगं ‘आई, मी तुझ्याकडे येऊ?’ म्हणून तंबूशी येतं तेव्हा हा नियम फार उपयोगी पडतो, कारण नाही म्हणायची जबाबदारी तुमच्यावर राहत नाही.

सप्टेंबर २०२३ पासून रात्री मुक्कामाला राहणारं प्रत्येक मोठं माणूस नोंदणीकृत असावं लागतं. म्हणजे ‘एक रात्र येऊन बघते, जमलं तर अर्ज भरते’ हे होत नाही. दिवसभर या, संध्याकाळी परत जा.

बाथरूम हा वाटतो तेवढा मोठा प्रश्न नाही. बऱ्याच कॅम्पांवर आता मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी वेगळ्या, कुलूप लागणाऱ्या खोल्या आहेत. जिथे एकच शेड असते तिथे वेळा वाटून घ्यायच्या आणि दारावर पाटी लावायची. मी पुठ्ठ्याची, दोरी ओवलेली पाटी सामानात कायम ठेवते, एका बाजूला ‘महिला आत आहे’ आणि दुसऱ्या बाजूला ‘मुलगे आत आहेत’. पहिल्या संध्याकाळी सगळ्यांना ती दाखवून ठेवली की पुढे कोणी विचारतही नाही. रानात, जिथे शेडच नसते, तिथे मी सगळ्यांना हाताने दाखवून सांगते, ‘ही बाजू माझी, ती बाजू तुमची.’ चौदा वर्षांचे मुलगे या बाबतीत आपल्यापेक्षा जास्त लाजाळू असतात.

पाळीबद्दल कोणी मोकळेपणी सांगत नाही, म्हणून सांगते. वापरलेलं काही रानात पुरायचं नाही, जाळायचं नाही, परत घेऊन यायचं. एक जाड झिपची पिशवी घ्या, बाहेरून तिला चिकटपट्टी गुंडाळा म्हणजे आतलं दिसणार नाही. न्यू जर्सीच्या वायव्येकडच्या डोंगरांत काळी अस्वलं आहेत. तिथे रात्री वास येणारी प्रत्येक वस्तू अन्नाच्या पिशवीबरोबर झाडावर टांगायची किंवा अस्वलपेटीत ठेवायची असते, टूथपेस्टपासून ते या पिशवीपर्यंत. माझी पिशवी काळ्या कापडी थैलीत असते आणि ती मी स्वतः टांगते. मुलांना त्यात दातांचा ब्रश आहे की आणखी काही, याच्याशी काहीही देणंघेणं नसतं.

थंडीचं मात्र नीट ऐका, कारण त्यात बायकांचे खरे हाल होतात. स्लीपिंग बॅगवर मोठ्या अक्षरात जो आकडा असतो, समजा २० फॅरनहाइट, तो पुष्कळदा ‘लोअर लिमिट’चा असतो. मोजमापाच्या मानकात ही मर्यादा पुरुषाच्या शरीराच्या हिशेबाने ठरवलेली आहे. बाईच्या हिशेबाचा आकडा ‘कम्फर्ट’ म्हणून लेबलावर बारीक अक्षरात असतो आणि तो दहाएक अंशांनी वर असतो. म्हणजे नवऱ्याची वीसची बॅग घेऊन तुम्ही वीस अंशांत झोपायला गेलात तर रात्रभर जाग्याच राहणार. कम्फर्टचा आकडा बघून बॅग घ्या आणि खालची चटई चांगली घ्या, निम्मी थंडी जमिनीतून येते. सुती कपडे आणि सुती मोजे घरी ठेवा.

सह्याद्रीतले ट्रेक केलेत हे छानच. पाय तयार असतील, पावसाची भीती नसेल. पण राजगडावर आपण पद्मावतीच्या देवळात झोपायचो, हरिश्चंद्रगडावर गुहेत, आणि पायथ्याच्या गावात कोणाकडे तरी भाकरी-पिठलं मिळायचं. इथे तंबू, स्टोव्ह, पाणी गाळणं, भांडी धुऊन ते पाणी कुठे टाकायचं, सगळं आपलं आपण. त्यासाठी एका शनिवार-रविवारचं प्रशिक्षण असतं, त्याला सगळे ‘आयओएलएस’ म्हणतात. गाठी, कुऱ्हाड, होकायंत्र, प्रथमोपचार, म्हणजे मुलं फर्स्ट क्लास दर्जापर्यंत (दर्जा म्हणजे स्काऊटची एकेक पायरी) जे शिकतात ते मोठ्यांना शिकवतात. ते पहिल्या सहा महिन्यांत कराच. मुलगे बाईचं ऐकतात का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. वारा सुटलेला असताना ओल्या लाकडाचा जाळ पेटवता आला, करवत-कुऱ्हाड नीट हाताळता आली, तर तुम्ही बाई की बाबा हे त्यांच्या डोक्यातून एका संध्याकाळीत निघून जातं. आणि काही येत नसेल तर येत नाही म्हणा, एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलाला शिकवायला सांगा. तो इतका खूश होतो की विचारू नका.

उरलेलं अर्धं उत्तर असं की त्यांनी तुमचं ऐकायचंच नाहीये. पॅकमध्ये मोठी माणसं कार्यक्रम चालवतात, ट्रूप मुलं चालवतात. आपल्या पालकांना हे पचायला सगळ्यात जड जातं. सहा-आठ मुलांचं एक पॅट्रोल, त्याचा निवडलेला पॅट्रोल लीडर, सगळ्यांच्या वर सीनियर पॅट्रोल लीडर, म्हणजे एसपीएल. महिन्याला काय करायचं हे पॅट्रोल लीडरांची बैठक ठरवते. गोंगाट झाला तर तुम्ही ओरडायचं नाही. एसपीएल तीन बोटं वर करून उभा राहतो, तुम्हीही करा आणि गप्प राहा. हळूहळू सगळे हात वर करतात. एसपीएल दमला, चिडला तर त्याला बाजूला, पण सगळ्यांना दिसेल असं घेऊन दोन मिनिटं बोला. तुमचं काम तेवढंच.

एका नोव्हेंबरातल्या कॅम्पची संध्याकाळ सांगते. अंधार लवकर पडलेला, भुरभुर पाऊस. नवीन मुलांच्या पॅट्रोलला पास्ता करायचा होता. स्टोव्हची नळी सिलिंडरला तिरकी बसवली होती, गॅस फुसफुसत बाहेर येत होता आणि पेटत नव्हता. मी तिथे गेले, सिलिंडर बंद करायला सांगितला, कारण तो सुरक्षिततेचा प्रश्न होता, आणि तशीच परत येऊन माझ्या खुर्चीत बसले. ‘पुस्तिकेत चित्र आहे’ एवढंच म्हणाले. माझ्या शेजारचे जुने लीडर खिशात हात घालून उभे होते. ती त्यांची सवयच आहे, हात खिशात असले की मदत करायला जात नाहीत. तिकडे पोरांनी नळी काढली, बसवली, पुन्हा काढली. एकाने रडवेल्या आवाजात पिझ्झा मागवता येईल का विचारलं. अर्ध्या तासाने निळी ज्योत लागली. मग पाणी उकळायच्या आधीच पास्ता टाकला, त्याचा लगदा झाला, त्यात कोणीतरी मीठ दोनदा घातलं. ते त्यांनी खाल्लं. खाताना काय बोलत होते माहितीये? पुढच्या वेळी टॉर्च कोणी धरायचा ते. माझ्या खुर्चीपासून ते टेबल पंधरा-वीस पावलांवर होतं आणि माझे हात अक्षरशः शिवशिवत होते. पास्ता उकडणं म्हणजे माझं दहा मिनिटांचं काम. हे जे शिवशिवणं आहे ना, त्याच्याशी तुमचं भांडण असणार आहे.

मध्ये कधी पडायचं, हा मग पुढचा प्रश्न. आग, धार, पाणी, रस्ता, औषध आणि एकमेकांना त्रास देणं. या बाबतीत लगेच, न विचारता मध्ये पडायचं. थंड जेवण, ओले मोजे, हरवलेला चमचा, रुसवेफुगवे यांत नाही. ओल्या मोज्यांचं थोडं तारतम्य ठेवा. हिवाळ्यात ओल्या मोज्यांनी झोपणं हे धोक्याच्या यादीत येतं.

मुलगे बाईपाशी काही गोष्टी बोलत नाहीत, हे धरून चाला. मांड्या घासून सोललेल्या असतात, तीन दिवस पोट साफ झालेलं नसतं, आणि सांगणार नाहीत. म्हणून मी कोणा एकाला विचारत नाही. रात्रीच्या शेवटच्या पाच मिनिटांत सगळ्यांनाच सांगते, ‘घासलं असेल तर मलम पेटीत आहे, विचारायची गरज नाही, घ्या आणि परत ठेवा. पोट बिघडलं असेल तर कोणाही लीडरला सांगा.’ पेटी उघड्यावर ठेवते. सकाळी मलमाची ट्यूब चेपलेली सापडते.

गोचीड हा आपल्या भागातला गंभीर विषय. लाइम रोगाचं नावच जवळच्या कनेटिकटमधल्या गावावरून पडलंय. हरणावरची ही गोचीड तिळाएवढी, कधी त्याहून लहान, आणि तिला उबदार जागा आवडतात, काखा, जांघा, गुडघ्यामागे. केसांत आणि मानेवर तुम्ही बघू शकता, सगळ्यांसमोर. बाकीचं मुलांनी आपापल्या तंबूत, टॉर्च घेऊन स्वतः तपासायचं. कुठे नाजूक जागी चिकटली असेल आणि मुलाला काढता येत नसेल तर पुरुष लीडर, तोही दुसऱ्या मोठ्या माणसाच्या उपस्थितीत, आणि आईवडिलांना फोन. म्हणून मघाशी म्हटलं, एक बाबा सोबत असू द्या. घरी गेल्यावर पुन्हा तपासा, अशी चिठ्ठी मी रविवारी सगळ्या पालकांना पाठवते.

घराची आठवण येऊन रडणारा एक तरी मुलगा पहिल्या रात्री असतोच. तिथे सगळे बाबा लोक तुमच्याकडे बघतील, ‘हे तुमचं खातं’ अशा नजरेने. जा, पण जवळ घेऊन थोपटायला नका जाऊ. त्याच्या पॅट्रोल लीडरला सोबत घ्या, दोघांना मिळून काहीतरी काम द्या, पाणी आणायचं, उद्याच्या जाळासाठी काटक्या मोडायच्या. घरी फोन लावून देऊ नका, आईचा आवाज ऐकला की पोरगं हमखास जास्त रडतं, हे कुठलाही जुना लीडर सांगेल. हेच बाबा लोकांनाही जमतं. दोनदा तुम्ही गेलात की तिसऱ्यांदा त्यांना पाठवा.

बाबा लोकांबद्दल थोडं. बहुतेक चांगले असतात. पण पहिल्याच बैठकीत तुम्हाला खजिनदारपद, नाहीतर जेवणाच्या यादीचं काम, नाहीतर दर्जांची नोंद ठेवायचं काम देऊ करतील. त्यात कपट नसतं, डोक्यात चित्रच तसं असतं. कामं मोलाची आहेत, मी कोणाला कमी लेखत नाही, कमिटी नसेल तर ट्रूप महिन्यात बंद पडेल. पण तुम्हाला रानात जायचंय ना? मग ‘मला असिस्टंट स्काऊटमास्टर व्हायचंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा. एकदा कागद हातात घेतलेत की ते कोणी परत घेत नाही. आणखी एक फाटा फुटतो. २०१९ पासून मुलींचेही वेगळे ट्रूप निघाले आणि त्यांना प्रत्येक वेळी एक बाई लागतेच. तुमच्या चर्चच्या तळघरात दोन्ही ट्रूप भेटत असतील तर तिकडून ‘फक्त या वेळेपुरतं या’ अशी हाक येईल. मुली फार छान काम करतात, मलाही मोह होतो. पण फक्त या वेळेपुरतं असं काही नसतं.

कॅम्पवर मोठ्यांचं स्वतःचं पॅट्रोल असतं, त्याला गमतीने ‘ओल्ड गोट’ म्हणतात, म्हातारे बोकड. त्यांचं जेवण वेगळं. तिथे तुमचा स्वयंपाकाचा हात मोकळा सोडा. मी कांदेपोहे करते, थंडीत पिठलं आणि गरम भात. फोडणीचा वास सुटला की मुलं रेंगाळत येतात, काय आहे विचारतात. चव देते, पण त्यांच्या पॅट्रोलसाठी करून देत नाही. पुढच्या बैठकीत एखादा पॅट्रोल लीडर ‘ती पिवळी गोष्ट आम्हाला शिकवा’ म्हणतो, मग शिकवते. तुमचा मुलगा शाकाहारी असेल तर पॅट्रोलच्या जेवणाची यादी ठरत असताना त्याने स्वतः बोलायचं. तुम्ही डबा नेऊ नका. एक कॅम्प तो ब्रेड आणि पीनट बटरवर काढेल, पुढच्या वेळी तोंड उघडेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. त्याला लाज वाटली तर? त्यालाच विचारा. अर्ज भरायच्या आधी, नवऱ्याशी बोलायच्या आधी. आणि ‘तुला आवडेल ना?’ असं विचारू नका, त्यावर पोरं हो म्हणतात. ‘मी आले तर तुला काय नको असेल?’ असं विचारा. यादी मिळेल. माझ्या थोरल्याने मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: सगळ्यांसमोर लाडाच्या नावाने हाक मारायची नाही, जेवलास का विचारायचं नाही आणि माझ्याशी मराठीत बोलायचं नाही. तिसरी मला लागली, खोटं कशाला सांगू. पण त्याचं बरोबर होतं. बाकीच्या मुलांना कळत नाही अशा भाषेत लीडर एकाच मुलाशी बोलते, म्हणजे त्याला काहीतरी खास मिळतंय असंच त्यांना वाटणार. ट्रूपमध्ये इंग्रजी, गाडीत बसलो की मराठी, असं आमचं ठरलं.

कॅम्पवर तो येईल आणि विचारेल, ‘आई, माझे हातमोजे कुठे आहेत?’ तुम्हाला ते कुठे आहेत हे पक्कं माहीत असेल, बॅगेच्या डाव्या कप्प्यात. तरी म्हणायचं, ‘तुझ्या पॅट्रोल लीडरला विचारलंस का?’ त्याच्या पुस्तिकेवर दर्जाच्या सह्या दुसऱ्या लीडरला करू द्या. त्याचं स्काऊटमास्टरबरोबरचं बोलणं होत असेल तेव्हा लाकडं गोळा करायला जा. त्याचं भांडण झालं तर दुसरा लीडर बघेल, आणि त्या लीडरच्या मुलाचं तुम्ही बघाल. लीडर पालकांचा हा आपसातला व्यवहार पहिल्याच कॅम्पला बोलून ठरवून घ्या.

बाकीच्या मुलांनी तुम्हाला काय म्हणायचं तेही ठरवा. आपल्याकडची मुलं असली तर ती घरच्यासारखं ‘काकू’ म्हणतील, आणि मग ट्रूपमध्ये ज्यांच्या तुम्ही काकू आणि ज्यांच्या नाही असे दोन गट पडतात. मी सगळ्यांसाठी ‘मिस’ आणि आडनाव ठेवलंय. आडनावाची वाट लावतात, लावू द्या.

आता जरा कडू. आपल्या मराठी पालकांचा, एकूणच भारतीय पालकांचा, ईगलवर, म्हणजे स्काऊटमधल्या सगळ्यात वरच्या दर्जावर, फार डोळा असतो. अठरा वर्षांच्या आत एकवीस मेरिट बॅज (एकेका विषयाचे बिल्ले), मोठा समाजोपयोगी प्रकल्प, कॉलेजच्या अर्जात एक ठसठशीत ओळ. तुम्ही लीडर झालात की हे पालक पार्किंगमध्ये तुम्हाला गाठतील. ‘तुम्ही आपल्या आहात, जरा बघा ना, याचे दोन बॅज राहिलेत.’ प्रकल्पाची फाईल आईनेच लिहिलेली, लाकडी बाक बाबांनीच कापलेला, हे मी पाहिलंय. बोर्ड ऑफ रिव्ह्यूमध्ये, म्हणजे दर्जा देण्याआधीच्या मुलाखतीत, पोरगं समोर बसतं आणि स्क्रू कोणत्या मापाचे होते हे त्याला सांगता येत नाही. अशा वेळी ‘आपल्या’ बाईने सवलत द्यावी ही अपेक्षा असते आणि नाही म्हटलं की गणेशोत्सवात तोंडं फिरतात. फिरू द्यावीत. माझ्यापुरतं मी ठरवलंय की आपल्या लोकांच्या मुलांचे बॅज मी तपासतच नाही, बॅज तपासणाऱ्या दुसऱ्या काऊन्सेलरकडे पाठवते.

वूड बॅजच्या कोर्सबद्दल तुम्हाला कोणीतरी आग्रह करेल. तो लीडरांचा मोठा कोर्स, १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला सुरू झालेला. कोर्सनंतर पाच उद्दिष्टं पुरी केली की गळ्यात दोन लाकडी मणी मिळतात. चांगला आहे, पण पहिल्या वर्षी घाई करू नका. आधी एक पूर्ण हिवाळा काढा आणि उन्हाळ्यातला आठवडाभराचा कॅम्प करा, म्हणजे कोर्समध्ये काय विचारायचं ते तरी कळेल.

तर आता करायचं काय? मुलाशी बोलणं झालं की या आठवड्यात मुलांच्या सुरक्षिततेचं ऑनलाइन प्रशिक्षण संपवा आणि प्रमाणपत्र छापून घ्या. मोठ्यांचा अर्ज घ्या, पदाच्या रकान्यात ‘असिस्टंट स्काऊटमास्टर’ लिहा. तब्येतीचा फॉर्म आत्ताच भरायला घ्या. आठवडाभराच्या कॅम्पसाठी डॉक्टरची सही लागते आणि जून महिन्यात डॉक्टरची वेळ मिळत नाही. गणवेशाचा खाकी शर्ट बायकांच्या मापात मिळतो, पण तो आखूड शिवलेला असतो. बॅग पाठीवर घेतली की कमरेतून वर येतो. मी पुरुषांचा मध्यम घेते आणि बाह्या उसवून लहान करून घेते.